दुधाचा ब्रिक्स

माझ्या दुधाचा एक थेंब काचेवर पसरून आप्पांनी वरची झाकणी दाबली, यंत्र डोळ्याला लावलं आणि गॅलरीत जाऊन सूर्याकडे तोंड करून उभे राहिले. मी, सासूबाई आणि नणंद शैला, आम्ही तिघी दारात उभ्या होतो. समोरच्या रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. आप्पांनी भिंगाची कडी जराशी फिरवली आणि दुसरा डोळा गच्च मिटला.

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा काय?" सासूबाईंनी विचारलं.

"ब्रिक्स. शंभर भागांत अकरा भाग साखर." त्यांनी यंत्र रुमालानं पुसून खिशात ठेवलं. "ऊस असता तर अजून तोडीला आला नाही म्हणून ठेवला असता. पण हे लेकराच्या पोटात जायचंय. आजपासून चिमीला शैला पाजेल."

आप्पा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ दिलं. टॉर्चएवढं ते ब्रिक्समीटर मात्र त्यांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेलं होतं. शेतात उभ्या उसाचा रस किती गोड झाला हे बघायचं ते साधन. आप्पा त्यानं पेरू तपासत, कलिंगड तपासत. सत्यनारायणाच्या शिऱ्यातलं तूप बोटानं दाबून त्याचा थेंबही त्यांनी एकदा काचेवर घेतला होता, पण तूप यंत्राच्या आकड्यांत बसत नाही म्हणाले. सुनेचं दूध तपासायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि त्यांनी ती अगदी गांभीर्यानं निभावली.

मला मधुमेह आहे. अकरा वर्षांची असल्यापासून. गोळ्यांचा नव्हे, इंजेक्शनचा. साखर कारखान्याच्या कॉलनीत मधुमेही सून, यावर लोकांना चिक्कार विनोद करता आले असते, पण त्यांना संधीच मिळाली नाही, कारण कुणाला ते माहीत नव्हतं. रणजित आणि मी सांगलीला एका कॉलेजात होतो. ओळख वाढायला लागल्यावर मी त्याला सरळ सांगितलं. तो म्हणाला, घरी सांगतो. घरी त्यानं सांगितलं, आणि आप्पांनी एकाच अटीवर होकार दिला. ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, आणि शैलाच्या सासरी तर मुळीच नाही.

शैलाचं सासर म्हणजे मोहिते. भरपूर जमीन, भरपूर जनावरं आणि त्याहून भरपूर तोंड. असली सून करून घेतात म्हणजे यांच्या घरातही काहीतरी असणार, असं ते म्हणतील आणि त्याचा त्रास शैलाला होईल, हे आप्पांचं म्हणणं. यात काही खोटं नव्हतं. म्हणून मी लग्नात, सणात, हळदीकुंकवात पेढा तोंडात धरून मोरीवर जाऊन थुंकायला शिकले. घरात कुणी मला त्यावरून कधी टोचून बोललं नाही. माणसं वाईट नव्हती. मला माझ्या आजाराची लाज वाटत नव्हती, पण तो लपवायची सवय लागली की हळूहळू लाजही येते.

चिमीच्या वेळी मला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी कॉलेजात असतानाच माझी आई गेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रश्नच नव्हता. जन्मल्या जन्मल्या पोरीची साखर खाली गेली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ती सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि आप्पांसमोर, सासूबाईंसमोर सांगितलं की हिला आईचंच दूध द्या, आजार दुधातून जात नाही, उलट पोरीला ते चांगलंच. काळजी घ्यायची ती आईनं. पाजताना आईची स्वतःची साखर खाली येते, म्हणून आधी काहीतरी खाऊन बसायचं आणि जवळ गोड ठेवायचं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "बाई फार तरुण आहेत."

घरी शैला आधीच बाळंत होऊन आली होती. तिचा मुलगा चिमीहून महिन्याभरानं मोठा आणि दिसायला चार महिन्यांचा. म्हणजे एका क्वार्टरमध्ये दोन बाळंतिणी, दोन पाळणे, दोन शेगड्या आणि दोरीवर दुपट्यांची रांग. आप्पांनी काही दिवस माझं पाजणं चालू दिलं, मग विचार केला, मग ब्रिक्समीटर काढलं.

त्या दुपारपासून चिमी शैलाच्या मांडीवर गेली.

मला काय वाटलं ते सांगते. माझ्या शरीरानं लहानपणापासून एकही काम सांगितल्याशिवाय केलं नव्हतं. जेवण जिरवायला त्याला सुई लागे. ताप आला, उपास केला, जिना चढला, प्रत्येकाचा हिशेब मला करावा लागे. दूध मात्र आपलं आपण आलं. कुणी टोचलं नाही, कुणी मोजलं नाही, पोरगी रडली की ते यायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं होतं की हे यंत्र एका कामापुरतं तरी धड आहे. आणि आता ते दूध मी मोरीत पिळून टाकत होते. मला आप्पांचा राग आला, रणजितचा आला, आणि सगळ्यात जास्त सासूबाईंचा आला, कारण त्या काहीच बोलल्या नाहीत.

रणजित कारखान्यातच इंजिनिअर. गळीत हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे तो घरी फक्त झोपायला यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, दोन-चार दिवस जाऊ दे, आप्पा आपोआप विसरतील. आप्पा काही विसरणाऱ्यांतले नव्हते. कुठल्या हंगामात साखरेचा उतारा किती पडला हे त्यांना तोंडपाठ होतं.

शैला बिचारी अवघडून गेली होती. माझ्या पोरीला घेताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी मग मागच्या अंगणात जाऊन वाळलेली दुपटी पुन्हा झटकून वाळत घालायची. आतून पोरगी चुटूचुटू पिताना ऐकू यायची आणि माझ्या अंगावरचा ब्लाउज भिजायचा. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

आप्पांनी सासूबाईंना सांगितलं की हिचं दूध लवकर आटलेलं बरं, छातीला मोगऱ्याची फुलं बांधा. सासूबाई बरं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, बाजारात मोगरा नाही. तिसऱ्या दिवशीही नव्हता. चौथ्या दिवशी आप्पा चिडले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या की मोगरा उन्हाळ्यात येतो. दूध पिळून टाकायचं मात्र त्या एकदाही चुकू देत नसत. सकाळ, दुपार, संध्याकाळ मला मोरीवर उभं करायच्या आणि स्वतः दारात थांबायच्या. नीट काढ, म्हणायच्या, राहू देऊ नको आत. गाठ होईल म्हणून म्हणत असतील असं मी समजले. एकदा मला रडू फुटलं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मला त्या फार कोरड्या वाटल्या.

पाचव्या का सहाव्या दिवशी मी शैलाला म्हटलं, तुझं दूध बघू. आप्पा जेवून आडवे झाले होते. शैलानं मुकाट्यानं चमच्यात दोन थेंब काढून दिले. मी आप्पांच्या सदऱ्याच्या खिशातून ब्रिक्समीटर काढलं आणि गॅलरीत गेले. काचेत निळ्या-पांढऱ्या रंगांची रेघ दिसते, ती जिथे असेल तो आकडा वाचायचा. शैलाचा बारा होता. माझ्याहून एक जास्त. मी दोनदा बघितलं, मग शैलालाही दाखवलं. तिनं पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. मीही हसले.

आप्पा उठल्यावर मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतः पाहिलं. काच पुसून नव्यानं थेंब घेऊन पाहिलं. मग चहा मागितला, तो संपवला आणि म्हणाले, "शैलाच्या दुधातली साखर निसर्गाची आहे. तुझ्यातली आजाराची."

"यंत्राला कळतं का ते?" मी विचारलं.

"यंत्राला नाही कळत. म्हणून तर त्याच्यामागे माणूस ठेवावा लागतो."

त्यांनी यंत्र रुमालानं पुसून पुन्हा खिशात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात विहीणबाई येणार असल्याचा निरोप आला. शैलाच्या सासूबाई. नातवाला बघायला आणि सोबत बाळंतविडा घेऊन. घरात तयारी सुरू झाली. माझी इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीत गुंडाळली गेली. सुया तांदळाच्या डब्यात गेल्या. माझ्या उशीखाली खडीसाखरेची पुरचुंडी असायची, तीही सासूबाईंनी सकाळी उचलून ठेवली, कारण विहीणबाईंना उशा उचलून बघायची सवय होती. शैलाला बजावून सांगितलं की त्या असेपर्यंत चिमीला पदराखाली घ्यायचं नाही. त्या चार वाजता येणार होत्या. त्याच्या आधी चिमीचं पोट भरून तिला झोपवायचं, असा एकूण बेत होता.

आमच्या कॉलनीत घड्याळापेक्षा कारखान्याच्या भोंग्याला मान. दुपारचा भोंगा झाला की मी न्हाणीघरात जाऊन इंजेक्शन घ्यायची आणि बाहेर आले की माझं पान वाढलेलं असायचं. इंजेक्शन घेतल्यावर जेवण टाळून चालत नाही, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी इंजेक्शन घेऊन बाहेर आले आणि फाटकाशी मोहित्यांची जीप थांबली. चारला येणारं माणूस जेवायच्या वेळेला आलं होतं.

आता विहीणबाईंना भाजी-भाकरी कशी वाढायची? सासूबाईंनी पदर खोचला, शेवयांची खीर टाकली, भज्यांचं पीठ भिजवलं आणि सगळ्यांचंच जेवण पुढे गेलं. पाहुण्यांच्या आधी सुनेनं पान घ्यायची आमच्यात पद्धत नाही, आणि बाळंतिणीनं तर चारचौघांत खायचंही नसतं, दृष्ट लागते. मी म्हटलं, थोडा वेळ काढू. हळूच आत जाऊन काहीतरी तोंडात टाकू.

विहीणबाई थेट आमच्या खोलीत आल्या. अंगानं आडव्या, आवाजानं उभ्या. नातवाला उचलून त्यांनी त्याचं वजन हातानंच केलं आणि पैलवान हाय म्हणाल्या. दोन्ही पोरांच्या पायांत त्यांनी चांदीचे वाळे घातले. मग चिमीला मांडीवर घेऊन तिचं नाक, कान, कपाळ नीट बघितलं.

"ही आमची नातसून," त्या म्हणाल्या. "मामाची पोरगी हक्काची. आत्तापासनं सांगून ठेवते, दुसरीकडं शब्द द्यायचा न्हाई."

सगळे हसले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले आप्पाही हसल्याचं ऐकू आलं. मीही तोंड हसरं केलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर मात्र गंमत नव्हती, त्यांनी मनात सगळी मांडणी केलेली दिसत होती.

नव्या वाळ्यांनी का कशानं, चिमी रडायला लागली. विहीणबाईंनी तिला हलवलं, जोजवलं, चुटक्या वाजवल्या. ती काही थांबेना. शैला शेजारीच बसली होती. इतक्या दिवसांच्या सवयीनं तिनं पोरीला ओढून घेतलं आणि पदराखाली लावलं. पोरगी गप्प झाली. पुढच्या क्षणाला शैलाच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे गं काय, शैला?" विहीणबाई म्हणाल्या.

"रडत होती म्हणून..."

"तिला तिची आई हाय की. एका अंगावर दोघांना पाजलंस तर ही दूधभावंडं झाली. मग सोयरीक कुठली हुयाची?"

शैलानं दाराकडे बघितलं. सासूबाई हातात पळी घेऊन तिथे उभ्या होत्या.

"एखाद्या वेळी पाजती ती," सासूबाई म्हणाल्या. "संजीवनीला जरा कमी येतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पाहुण्यांच्या गडबडीत माझं मोरीवर जाणं राहून गेलं होतं, त्यात पोरगी रडली होती. माझा ब्लाउज पुढून पार भिजला होता आणि ओल पदरावर आली होती. लपवायला हात पुरत नव्हते.

"हे कमी?" विहीणबाईंनी विचारलं.

स्वयंपाकघरात भज्यांचं तेल तापून धूर यायला लागला होता.

"दे तिच्याकडं," सासूबाई शैलाला म्हणाल्या.

बाहेरून आप्पांनी खाकरून घसा साफ केला. एकदा, मग जरा मोठ्यानं दुसऱ्यांदा. सासूबाई तेल उतरवायला निघून गेल्या. शैलानं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली.

मला भीती वाटली होती की ती आता मला ओळखणारही नाही. तिनं तोंड इकडेतिकडे फिरवलं, नाक घासलं आणि धरलं. दूध इतकं जोरात आलं की तिला ठसका लागला. ती सुटली, चिडली आणि पुन्हा लागली. मग तिची एक लय बसली. दोन घोट, एक श्वास. माझ्या खांद्यापासून खाली सगळं सैल झालं. मला रडू येत होतं, पण विहीणबाई समोर बसून पाटाच्या पाण्याच्या पाळीबद्दल सांगत होत्या, म्हणून मी पाण्याच्या पाळीबद्दल वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. इतकं बरं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

मग ओठांना मुंग्या आल्या.

ते काय आहे हे मला ताबडतोब कळलं. इंजेक्शन पोटात, जेवण चुलीवर आणि पोरगी अंगावर. ऐन थंडीत माझ्या मानेवरून घाम ओघळायला लागला. समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे एकमेकांत मिसळले. एक चमचा साखर मागितली की काम होणार होतं. पण मागितली असती तर विहीणबाईंनी कशाला म्हणून विचारलं असतं. पोरीला खाली ठेवून उठले असते तर ती पुन्हा माझ्या हातात येईल याचा भरवसा नव्हता. आणि इथेच आडवी पडले असते तर आप्पांचं म्हणणं खरंच ठरलं असतं, की हिला पोर सोपवण्यात अर्थ नाही. मी ठरवलं की विहीणबाई जेवायला उठेपर्यंत कळ काढायची. असा निर्णय डोक्याला साखर कमी पडलेलं माणूसच घेऊ शकतं.

"पोरी, तुला घाम का सुटलाय?" विहीणबाईंचा आवाज लांबून आला.

काही नाही, असं मी म्हणाले. म्हणजे मला तसं वाटलं. शैला नंतर म्हणाली की मी नुसते ओठ हलवले.

पानं मांडलीत हे सांगायला सासूबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, तशाच मागे फिरल्या आणि साखरेचा अख्खा डबा घेऊन आल्या. माझ्या शेजारी बसल्या. चिमीच्या डोक्याखाली माझा हात होता, तो थरथरत होता, त्याच्याखाली त्यांनी स्वतःचा डावा हात घातला. उजव्या हातानं मूठभर साखर माझ्या तोंडाला लावली.

"गीळ. पोरीला सोडू नको, मी धरलंय."

मी गिळली. निम्मी साखर चिमीच्या टोपड्यावर सांडली.

"बाळंतिणीला नुसती साखर?" विहीणबाई म्हणाल्या. "पोराला खोकला हुईल अशानं."

"हिला साखरेचा आजार हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, दुसरी मूठ भरत होत्या. "लहानपणापासनं. लग्नाआधी तिनं सांगितलं हुतं आम्हाला. तुम्हाला आम्ही सांगितलं न्हाई. पाजताना तिची साखर उतरती, तवा तिला गोड लागतं."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"अगं, काय बोलतेस तू?" ते म्हणाले.

विहीणबाईंनी आधी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चिमीकडे.

"आन अशा आईचं पोरीला पाजताय? तिला लागंल की ते."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, लागत न्हाई म्हणून."

"डॉक्टरांचं काय, आज एक सांगत्यात, उद्या दुसरं."

सासूबाईंनी माझ्या हनुवटीवरची साखर बोटानं पुसली. त्या जे पुढे बोलल्या ते दळण कुठे दिलंय हे सांगावं तशा आवाजात बोलल्या.

"रणजितच्या वेळंला माझ्या छातीत डाग निघाला. टीबीचा. तवा डॉक्टरांनी सांगितलं, पोराला जवळ घ्यायचं न्हाई. यांनी घेऊ दिलं न्हाई, मी पण घेतलं न्हाई. दवाखान्यात ठेवलं हुतं मला. हितं थोरल्या जाऊबाईंनी त्याला पाजलं. मी बरी हून आले तवा माझं आटलेलं, आन पोरगं मला बघितलं की जाऊबाईंच्या पदरामागं जायचं. मी कुणाला दोष देत न्हाई. मला डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं हुतं. हिला पाज म्हणून सांगितलंय. मग हिचं का काढून घ्यायचं?"

तोवर माझ्या डोळ्यांपुढचं कॅलेंडर जागेवर आलं होतं. मी आप्पांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. बायकोचा तो आजार त्यांनी माझ्यापासूनही लपवला होता, आणि बहुधा स्वतःपासूनही.

"म्हंजे आमच्यापासनं दोन आजार लपवलेत," विहीणबाई म्हणाल्या.

"दोन," सासूबाई म्हणाल्या. "पानं वाढलीत, चला जेवायला."

विहीणबाई जेवल्या. रागात त्यांना भूक लागत असावी, खीर त्यांनी तीनदा घेतली. जाताना सोयरिकीचा शब्द त्यांनी काढला नाही आणि नंतरही कधी निघाला नाही, याबद्दल मी आणि चिमी दोघीही त्यांच्या आभारी आहोत. शैलाला मात्र पुढं बरंच ऐकावं लागलं. तिच्या सासरी कुणाला साधी शिंक आली तरी ती तिच्या माहेराहून आली असं ठरायचं. शैलानं ते सोसलं, आणि त्यावरून ती माझ्याशी किंवा तिच्या आईशी एक शब्द वाकडा बोलली नाही. आप्पांनी माफी वगैरे मागितली नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चिमी रडली की ते बाहेरच्या खोलीतून मोठ्यानं विचारायचे, काही खाल्लंस का, आणि मी हो म्हणेपर्यंत विचारत राहायचे. चिमी दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर प्याली.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी विहीणबाई आणि आप्पा जेवायला गेले, शैला वाढायला गेली आणि खोलीत आम्ही दोघी उरलो. सासूबाईंचा हात अजून माझ्या हाताखाली होता. माझी जीभ साखरेनं खरखरीत झाली होती. इतके दिवस त्या मोरीच्या दारात का उभ्या राहायच्या, नीट काढ म्हणून मागे का लागायच्या, हे मला आत्ता कळत होतं. आटू नये म्हणून. त्यांना कोरडं म्हणाले होते मी, मनातल्या मनात का होईना.

रणजित त्यांना वहिनी म्हणतो. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. एकत्र कुटुंबात दीर-नणंदांचं ऐकून पोरं आईला वहिनी म्हणतात, पुष्कळ घरांत म्हणतात, तसंच हेही असेल म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

"मामी," मी म्हटलं. सासूबाईंना मी मामीच म्हणते. "तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही का, मला आई म्हण म्हणून?"

"सांगितलं की. एकदा. चार वर्षांचा असंल." त्यांनी चिमीच्या टोपड्यावरची साखर झटकली. "त्यानं जाऊबाईंकडं बघितलं आन त्यांना विचारलं, म्हणू का."

"मग?"

"मग मीच म्हटलं, राहू दे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या अंगावर घे आता तिला. भुकेली हाय अजून."